कुंडिनपूर ते बुलढाणा : दांपत्यातील छळ आणि अपराधाचे समर्थन

विवाहात ज्याला छळ सोसावा लागला, त्याने त्या छळापोटी काही गैर केले तर त्या कृत्याचा दोष पुसला जातो, उणावतो की जसाच्या तसा राहतो, हा नीतिशास्त्रातील जुना आणि अवघड प्रश्न आहे. भारतीय धर्मशास्त्राने तो अशा उघड शब्दांत क्वचितच मांडला, कारण पत्नीच्या बाबतीत त्याच्या मुख्य प्रवाहाने हा प्रश्न उभाच राहू दिला नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात पती शीलहीन, स्वैर वा गुणहीन असला तरी साध्वीने त्याची देवासारखी सेवा करावी असे विधान आहे. आणि पती देवच ठरला, की त्याच्या वागण्याला छळ म्हणण्याची सोयच राहत नाही. तरीही त्याच स्मृतीचा नववा अध्याय पाहिला तर हे चित्र इतके एकरंगी नाही. तेथे एका श्लोकात, बेफिकीर, मद्यपी किंवा आजारी पतीची अवहेलना करणाऱ्या पत्नीला अलंकार काढून घेऊन तीन महिने दूर ठेवावे असे सांगितले आहे, तर लगेच पुढच्या श्लोकात, पती वेडा, पतित, क्लीब किंवा दुर्धर रोगाने ग्रासलेला असल्यास त्याचा द्वेष करणाऱ्या पत्नीचा त्याग करू नये आणि तिचे धनही काढून घेऊ नये असे म्हटले आहे. दारूड्या पतीचा तिटकारा दंडनीय आणि पतित पतीचा तिटकारा अदंडनीय, ही विभागणी आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. परंतु दुसऱ्या श्लोकात एक महत्त्वाची गोष्ट स्मृतिकाराच्या हातून घडून गेली आहे. पत्नीचा द्वेष योग्य आहे असे तो म्हणत नाही, पण त्याबद्दल तिला शिक्षा होऊ नये असे म्हणतो. योग्य आणि दंडनीय यांच्यामध्ये एक जागा आहे, हे त्याने अप्रत्यक्षपणे मान्य केले.

या मधल्या जागेचा विचार करण्यासाठी तीन संज्ञा वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली समर्थनाची : एखादे कृत्य एरवी गैर असले तरी त्या परिस्थितीत ते करणेच बरोबर होते, असा दावा म्हणजे समर्थन. दुसरी क्षम्यतेची : कृत्य चुकीचेच होते, परंतु कर्त्यावर त्याचा पूर्ण भार टाकता येत नाही, असा दावा म्हणजे क्षम्यता. ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५६ मध्ये हा भेद विस्ताराने मांडला आणि कायद्याच्या तत्त्वज्ञानात तो रुळला. तिसरी संज्ञा या चर्चेत बहुधा विसरली जाते आणि ती दोष देण्याच्या अधिकाराची आहे : कृत्य चुकीचे असेल, कर्ता दोषीही असेल, परंतु त्याच्याकडे बोट दाखवण्याचा हक्क विशिष्ट माणसाला असेलच असे नाही. छळ सोसलेल्या पत्नीच्या अपराधाविषयी लोक भांडतात तेव्हा एकजण समर्थन नाकारत असतो, दुसरा क्षम्यता मागत असतो आणि तिसरा अधिकाराविषयी बोलत असतो. तिघेही खरे बोलत असूनही भांडण मिटत नाही, ते यामुळे.

वऱ्हाडच्या भूमीशी जोडलेल्या दोन स्त्रियांच्या निमित्ताने हा प्रश्न फार स्पष्टपणे समोर येतो. एक महाभारतातील दमयंती आणि दुसरी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे. परंपरेने तेच विदर्भराजाचे कुंडिनपूर मानले जाते. रुक्मिणीचे माहेर म्हणून ते वारकऱ्यांना ठाऊक आहे, पण रुक्मिणीच्या आधी ते दमयंतीचे माहेर होते, हे फार जणांच्या ध्यानी राहत नाही.

वनपर्वातील नलोपाख्यानात दमयंतीची केवळ स्वयंवराची गोड कथा नाही. द्यूतात राज्य गमावलेला नल तिला घेऊन रानात जातो, आणि ती झोपेत असताना तिच्याच अंगावरचे अर्धे वस्त्र कापून घेऊन तिला एकटी टाकून निघून जातो. हालअपेष्टा सोसत ती अखेर कुंडिनपुरास माहेरी पोहोचते. अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे बाहुक नावाने सारथी असलेला माणूस नलच असावा असा तिला संशय येतो, तेव्हा ती सुदेव नावाच्या ब्राह्मणाकरवी त्या राजाला निरोप धाडते, की दमयंतीचे दुसरे स्वयंवर उद्या सूर्योदयी आहे. निरोप धादांत खोटा होता. एका दिवसात एवढे अंतर घोडे हाकून कापणे नलाखेरीज कुणाला शक्य नाही, या हिशेबाने तो रचलेला होता. ही गोष्ट वडिलांच्या कानी जाऊ नये असे तिने आईला बजावले होते, म्हणून ऋतुपर्ण दारात येऊन उभा राहिला तेव्हा तिच्या वडिलांना, विदर्भाच्या भीमराजाला, तो का आला हेच कळेना, आणि स्वयंवराची कुठलीच तयारी न दिसल्याने ऋतुपर्णाला सहज भेटीस आलो असे सांगून वेळ मारून न्यावी लागली. तात्पर्य, दमयंतीने पतीला फसवले, पित्यापासून लपवले आणि ज्याचा या भांडणाशी काही संबंध नव्हता त्या राजाला दूरवर फरफटत आणले.

दोघांची भेट होते तेव्हाचा संवाद या प्रश्नाच्या अभ्यासकाने लक्ष देऊन वाचण्याजोगा आहे. दमयंती विचारते, की निरपराध, झोपलेल्या पत्नीला टाकून जाण्याइतके तिच्या हातून काय घडले होते. नल उत्तर देतो, की राज्य गेले आणि तिला टाकले ते त्याने केले नाही, अंगात शिरलेल्या कलीने केले. म्हणजे छळ करणारा स्वतःसाठी क्षम्यता मागतो. आणि त्याच दमात तो तिला विचारतो, की अनुरक्त पतीला सोडून दुसरा वर निवडणे स्त्रीला कसे शोभते. स्वतःसाठी जी सवलत मागितली ती समोरच्याला देण्याचे त्याच्या मनातही येत नाही. दमयंती मात्र कलीसारख्या कुणाचा आधार घेत नाही. तिने केले ते तिनेच केले आणि त्याला परत आणण्याचा तो एकच उपाय होता, असे ती सांगते, वायू, सूर्य आणि चंद्र यांना साक्षीला बोलावते, आणि वायू तिच्या निर्दोषपणाची ग्वाही देतो. वायूची ही साक्ष तिच्या चारित्र्याविषयी आहे, तिच्या असत्याविषयी नाही, हे बारकाईने पाहिले म्हणजे लक्षात येते. असत्य असत्यच राहिले. फक्त त्याचा हेतू आणि त्याची मर्यादा कळली.

महाभारतातच आदिपर्वात असत्य कुठे पातक ठरत नाही याची एक यादी आली आहे : थट्टेत, स्त्रियांशी बोलताना, विवाहप्रसंगी, प्राणसंकटात आणि सर्वस्व लुटले जात असताना. पुरुषाने स्त्रीशी खोटे बोलण्याला या यादीत जागा आहे, पण टाकलेल्या पत्नीने पतीशी खोटे बोलण्याला नाही. ही यादी शर्मिष्ठेच्या, म्हणजे एका स्त्रीच्या तोंडी घातलेली आहे आणि ती ययातीला त्याच्या पत्नीच्या अपरोक्ष वश करण्यासाठी वापरलेली आहे, हा योगायोग मोठा बोलका आहे.

दमयंतीच्या असत्याला मर्यादा होती असे म्हणताना ती मर्यादा कशाने मोजायची, हे सांगावे लागते. त्यासाठी छांदोग्य उपनिषदातील उषस्ती चाक्रायणाच्या कथेइतके नेमके साधन दुसरे नाही. कुरुदेशातील पीक नष्ट झाले होते आणि उषस्ती उपाशी होता. हत्ती बाळगणाऱ्या एका माणसाकडे त्याने त्याच्या ताटातले उष्टे कुळीथ मागितले आणि खाल्ले. त्या माणसाने पाणी देऊ केले तेव्हा ते उष्टे आहे म्हणून उषस्तीने नाकारले. कुळीथही उष्टेच होते की, असे त्याने म्हणताच उषस्ती उत्तरला, की ते खाल्ले नसते तर प्राण गेले असते. पाणी मात्र हवे तेथे मिळते. आपद्धर्म, म्हणजे संकटात नेहमीच्या नियमाला पडणारा अपवाद, याची यापेक्षा काटेकोर व्याख्या सापडणार नाही. ब्रह्मसूत्रांनीही याच कथेच्या आधारे निषिद्ध अन्नाची मुभा प्राणसंकटापुरतीच मर्यादित केली आहे. संकटाने सगळेच नियम सुटत नाहीत. ज्या नियमाच्या पालनाने जीव जाईल तेवढाच सुटतो, आणि ज्या क्षणी दुसरी वाट उपलब्ध होते त्या क्षणी तोही परत लागू होतो. शांतिपर्वात दुष्काळात कुत्र्याची तंगडी चोरणारा विश्वामित्रही हेच बोलतो, परंतु तो इतके लांबण लावतो की त्याला भुकेपेक्षा वादाची आवड अधिक असावी असा संशय येतो.

ही कसोटी विवाहातील छळाला लावली म्हणजे प्रश्न बराचसा सुटसुटीत होतो. मार खाणाऱ्या पत्नीने हात उगारून स्वतःचा जीव वाचवला तर ते गैर कृत्यच नव्हे. भारतीय दंडविधानानेही स्वसंरक्षणाचा हक्क म्हणून ते अपराधाच्या बाहेर ठेवले होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते तसेच आहे. घरातून पळून जाणे, नवऱ्याच्या खिशातले पैसे माहेरच्या गाडीभाड्यासाठी घेणे, कुठे चाललो हे खोटे सांगणे, ही उषस्तीच्या कुळथासारखी कृत्ये आहेत : दुसरी वाट नसेल तर त्यांचे समर्थन होते, केवळ क्षमा नव्हे. परंतु सुटका झाल्यावर केलेला सूड, मुलांना बापाविरुद्ध शिकवलेले खोटे, किंवा सासरच्या ज्या माणसाने काही केले नाही त्याचे नाव तक्रारीत गोवणे, हे त्या पाण्यासारखे आहे. ते मिळवल्याने जीव वाचत नाही, आणि छळाचे कारण त्याला पुरत नाही.

इथवर कसोटी चालते. ती जेथे अडखळते, ते प्रकरण वऱ्हाडातल्याच एका पुस्तकाने हाताळले आहे. बुलढाणा हा त्या काळी हैदराबादच्या निजामाने १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात दिलेल्या वऱ्हाडातील एक जिल्हा. तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीस असलेल्या आणि सत्यशोधक समाजाशी संबंध असलेल्या बापूजी हरी शिंदे यांची कन्या ताराबाई यांनी १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध छापून घेतला. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. निमित्त सुरतेच्या खटल्याचे होते. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेने आपले अनौरस मूल जन्मताच मारले, म्हणून १८८१ मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती जन्मठेपेच्या काळ्या पाण्यावर आली आणि पुढे पाच वर्षांपर्यंत खाली आली. ‘पुणेवैभव’ सारख्या पत्रांनी या निमित्ताने एकूण स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. ताराबाईंनी त्याला उत्तर दिले, आणि ते देताना विषय विधवांपुरता न ठेवता विवाहित स्त्रियांवर, त्यांच्या नवऱ्यांवर आणि नवऱ्यांच्या देवत्वावर आणला.

निबंधाच्या लांबलचक शीर्षकात स्त्रिया आणि पुरुष यांपैकी साहसी कोण, असा प्रश्न आहे. धर्मशास्त्राच्या परिभाषेत साहस म्हणजे बळजबरीने केलेला गंभीर गुन्हा. स्त्रीला संशयांचा भोवरा, कपटाचे घर, दोषांचे भांडार म्हणणारे एक प्रसिद्ध संस्कृत सुभाषित घेऊन त्यातील एकेक आरोप त्या पुरुषांवर उलटवतात. पती हा देव असेल तर त्याने वागावेही देवासारखे, असा त्यांचा युक्तिवाद आहे, आणि तो दिसतो त्याहून खोल आहे. मनूच्या विधानात पतीचे देवत्व ही पत्नीवरची सक्ती होती. ताराबाईंनी तीच गोष्ट पतीवरची अट केली. अट मोडली तर तिच्यावर उभे असलेले कर्तव्यही सुटते, असा त्यातून निष्कर्ष निघतो. साठीच्या म्हाताऱ्याला कोवळी मुलगी देणारा बाप, एकावर दुसरी आणणारा नवरा, बायको मरताच नव्या स्थळाच्या शोधाला लागणारा विधुर आणि त्याच वेळी विधवेला मात्र जन्मभर कोंडणारा समाज, हे सगळे त्यांच्या लेखणीखाली येतात. स्त्री वाट चुकली तर तिला त्या वाटेवर नेणारा कोण, हे आधी पाहा, असे त्यांचे म्हणणे आहे.

ताराबाई स्वतः मराठा घरातल्या होत्या, आणि या तपशिलाला महत्त्व आहे. वऱ्हाडातील कुणबी, माळी आणि इतर अनेक जातींत काडीमोड आणि पाट, म्हणजे जुना संबंध तोडून स्त्रीने पुन्हा घर मांडण्याची रूढी होती. तिला सन्मान कमी असे, पण वाट होती. कुलीन म्हणवणाऱ्या मराठा घराण्यांनी मात्र ब्राह्मणांच्या अनुकरणाने ती बंद केली होती. सामाजिक प्रतिष्ठा जितकी वर चढत जाई तितकी स्त्रीची सुटकेची वाट अरुंद होत जाई, आणि अपराध म्हणून जे उरे त्यातील बराच भाग या अरुंदपणातूनच जन्मे. ज्या स्त्रीला पाट लावता येतो तिला मूल मारण्याचे कारण पडत नाही, ही साधी गोष्ट सुरतेच्या न्यायालयात कुणाच्याही विचाराचा भाग नव्हती, कारण कायद्यासमोर फक्त एक अर्भक आणि एक आई होती.

येथे उषस्तीची कसोटी अडखळते, असे वर म्हटले. विजयालक्ष्मीपुढे खरोखर दुसरी वाट फारशी नव्हती; मूल जगले असते तर तिला घरातून, जातीतून आणि बहुधा जगण्यातूनच हद्दपार व्हावे लागले असते. तरीही उषस्तीने कुळीथ खाल्ले तेव्हा ज्याचे ताट होते त्याची संमती होती आणि कुणी मेले नव्हते. विजयालक्ष्मीच्या सुटकेची किंमत ज्याने दिली त्याने तिचा छळ केला नव्हता, तो तिच्यावर अन्याय करणाऱ्या समाजाचा सदस्यही झाला नव्हता. छळ झालेल्या माणसाचा प्रतिकार छळणाऱ्याकडे वळतो तोवर छळ त्याला कारण म्हणून पुरतो. तो तिसऱ्याच्या गळ्यापर्यंत गेला की पुरत नाही. म्हणून सुरतेच्या कृत्याचे समर्थन होत नाही, आणि ताराबाईंच्या निबंधाला समर्थन म्हणून वाचणाऱ्यांनी, त्यांच्या काळच्या टीकाकारांनी असो वा आजच्या काही चाहत्यांनी, त्यांना चुकीचे वाचले आहे असे म्हणावे लागते. मूल मारणे बरोबर होते असा त्यांच्या निबंधाचा रोख नाही. न्यायाधीश, वृत्तपत्रे आणि भटजी ज्या व्यासपीठावरून तिला दोष देत आहेत ते व्यासपीठ त्यांचे नाही, हा त्यांचा मुद्दा आहे. समर्थन नव्हे, पूर्ण क्षमाही नव्हे, तर दोष देण्याच्या अधिकाराचा प्रश्न त्यांनी लढवला, आणि तो आजही अनुत्तरित आहे.

ज्योतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली, तीही स्वतःच्या चळवळीतल्या टीकाकारांविरुद्ध. परंतु फुल्यांचे खरे उत्तर त्याच्या बावीस वर्षे आधीचे होते. १८६३ मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि विधवांनी येथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे असे जाहीर केले. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने हे पाऊल फार मोलाचे आहे. अपराध करणारीला कारण होते की नव्हते, यावर वाद न घालता त्यांनी कारणच काढून घेतले. असे गृह गावात असताना मूल मारणारीची क्षम्यता कमी होते आणि असे गृह नसताना ती वाढते, हे मान्य केले तर अपराधाचे मोजमाप केवळ अपराध्याच्या मनात शोधून चालत नाही, ते गावाच्या व्यवस्थेतही शोधावे लागते.

कायद्याने मात्र हे मोजमाप दीर्घकाळ मनातच, आणि मनातही एका विशिष्ट प्रकारच्या क्षोभातच शोधले. १८६० च्या दंडविधानात गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभामुळे ताबा सुटून केलेला वध खुनापेक्षा सौम्य ठरवला होता. नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मताने त्यांना निर्दोष म्हटले, उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सांगितले की पत्नीची कबुली आणि गोळीबार यांच्यामध्ये मन शांत व्हायला पुरेसा वेळ होता, म्हणून प्रक्षोभाची सवलत मिळणार नाही. कायद्याच्या शब्दांशी हा निर्णय सुसंगत आहे. परंतु ‘आकस्मिक’ या अटीत एक अन्याय दडलेला आहे : ती मानभंगाने क्षणात पेटणाऱ्या माणसाला अनुकूल आहे, आणि दहा वर्षे रोज मार खाऊन एका रात्री कोलमडणाऱ्या माणसाला प्रतिकूल. पहिला बहुधा पुरुष असतो आणि दुसरी बहुधा स्त्री. इंग्लंडमध्ये किरणजित अहलुवालिया या पंजाबी स्त्रीने वर्षानुवर्षांच्या मारहाणीनंतर १९८९ मध्ये झोपलेल्या पतीला पेटवले तेव्हा तिला याच अटीमुळे खुनाची शिक्षा झाली. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द केली, पण तीही तिच्या मानसिक अवस्थेच्या आधारे. पुढे २००९ च्या कायद्याने तेथे प्रक्षोभाची जुनी व्याख्याच काढून टाकली आणि ताबा सुटणे आकस्मिक असलेच पाहिजे ही अट गाळली. भारतीय न्याय संहितेत मात्र ती अट अजून आहे.

तरी झोपलेल्या माणसाला जाळणे हे स्वसंरक्षण नव्हे, हेही सांगितलेच पाहिजे. त्या क्षणी धोका नव्हता. अशा कृत्याला क्षम्यता मिळावी, मोठ्या प्रमाणात मिळावी, असे म्हणता येते. ते बरोबर होते असे म्हणता येत नाही. ज्यांना हा भेद कोरडा वाटतो त्यांनी एवढे पाहावे, की कृत्य बरोबर होते असे एकदा म्हटले की ते पुन्हा करायलाही हरकत उरत नाही, आणि मग छळाचा न्याय प्रत्येक घराने आपापल्या हाताने करायचा असा नियम होतो. त्या नियमात सर्वांत आधी कोण मरेल, हे वऱ्हाडातल्या कुठल्याही पोलिस ठाण्याच्या नोंदवहीला विचारावे.

याच्या उलट टोकाला सहनशीलतेचे उत्तर आहे, आणि मराठी भक्तिपरंपरेने ते मोठ्या आदराने जपले आहे. सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंना तुकोबांची शिष्या झाल्यामुळे पतीची मारहाण सोसावी लागली. आत्मचरित्रपर अभंगांत त्यांनी ते लिहून ठेवले आहे, आणि पतिसेवा की ईश्वरभक्ती हे द्वंद्वही. त्यांनी घर सोडले नाही आणि पुढे आजारपणानंतर पतीचे मन पालटले. ही कथा सुनांना सांगताना एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते : मार खाऊनही बहिणाबाईंनी तुकोबांची भक्ती सोडली नाही, म्हणजे पतीची आज्ञा त्यांनी मोडलीच होती. त्यांचे सोसणे आज्ञापालन नव्हते, ते निवडलेले व्रत होते. कर्तव्यापलीकडचे असे व्रत स्वतः घेतले तर थोर असते, पण दुसऱ्यावर लादले की ते व्रत राहत नाही. संताचे सहन करणे हा सामान्य स्त्रीच्या वागण्याचा मापदंड केला, की छळणाऱ्याला एक धार्मिक वकील मिळतो. पूर्वकर्माचा सिद्धांतही घराघरांत असाच वापरला गेला. बायकोच्या वाट्याला आलेला मार तिच्या मागल्या जन्माचा म्हणायचा आणि नवऱ्याचा हात मात्र याच जन्मीचा असूनही हिशेबाबाहेर ठेवायचा.

हीच तत्त्वे छळ सोसणाऱ्या पतीलाही लागू होतात, त्यात शंका नाही. उषस्तीची कसोटी लिंग पाहत नाही. फरक एवढाच, की १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यापर्यंत वऱ्हाडातील हिंदू पतीला दुसरा विवाह करण्याची वाट कायद्याने मोकळी होती, आणि जातीच्या रूढीने काडीमोड मिळत नसेल तर पत्नीला विवाहातून सुटण्याची वाट नव्हती. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला तेव्हाही वऱ्हाड मध्य प्रांतात असल्याने अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या स्त्रीला त्याचा उपयोग नव्हता. १९५५ नंतरही क्रूरतेच्या कारणावरून फक्त न्यायिक विभक्तता मिळे. क्रूरता हे घटस्फोटाचे कारण १९७६ च्या दुरुस्तीने झाले. १९८३ मध्ये विवाहितेच्या छळाचा स्वतंत्र गुन्हा दंडविधानात आला आणि २००५ मध्ये कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा झाला. वाट जसजशी रुंदावते तसतसा छळाच्या नावाखाली केलेल्या अपराधाचा आधार आक्रसत जातो, हे या इतिहासातून ओघाने निघते, आणि ते छळ सोसणाऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही टाळू नये. विजयालक्ष्मीला मिळू शकणारी क्षम्यता आजच्या शहरी, कमावत्या, वकील गाठू शकणाऱ्या स्त्रीला किंवा पुरुषाला त्याच मापाने मिळणार नाही.

पण वाट कागदावर असणे आणि पायाखाली असणे यांत अंतर आहे. अकोल्यात आणि अमरावतीत आज कुटुंब न्यायालये आहेत. मेळघाटातल्या पाड्यावरून किंवा पातूरच्या डोंगरातल्या गावावरून तेथवर तारखेला येत राहणे, मुले कुणाकडे ठेवायची हे ठरवणे, आणि माहेरी गेल्यावर भावजयीच्या नजरेखाली ‘टाकलेली’ म्हणून दिवस काढणे, हे त्या वाटेचे खरे मोजमाप आहे. शेतात पीक आले नाही, घरी दारू आली, आणि मारहाण झालेल्या सुनेला चार शहाण्या माणसांनी समजावून परत पाठवले, हा क्रम गावात नवा नाही. परत पाठवणाऱ्यांचा हेतू बहुधा वाईट नसतो. संसार मोडू नये एवढाच असतो. मात्र ज्याने दुसऱ्याची सुटकेची वाट जाणूनबुजून बंद केली, त्याने पुढे घडणाऱ्या गोष्टीचा काही वाटा स्वतःच्या माथी घेतला, हा निष्कर्ष या सगळ्या विवेचनातून टळत नाही. नलाला तो लागू होता, सुरतेच्या जातभाईंना लागू होता, आणि तडजोड घडवून आणणाऱ्या पंचांनाही लागू आहे.

ताराबाईंचा निबंध १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत विस्मृतीत होता. तो आता मिळतो, आणि महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेच्या ज्या समित्या २००७ पासून गावोगाव नवरा-बायकोची भांडणे ऐकत आहेत त्यांच्या सदस्यांनी तो वाचावा. मारहाणीची तक्रार समोर आली तर सुनेला परत पाठवण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी, ती उद्या पुन्हा बाहेर पडू पाहील तर तिला कुणाचे दार उघडे असेल, त्या घराचे नाव त्याच कागदावर लिहून घ्यावे.